निंबानाना आणि जनतेचा धडा

आमचे निंबानाना पायी चालताना हेल्मेट घालत. गाडी त्यांच्याकडे नव्हती, कधी घेतलीही नाही. गिरणाकाठच्या शाळेवर माझी बदली झाली आणि मी त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली, तेव्हा पहिलं दर्शन घडलं ते हेच: धोतर, बंडी, हातात मेथीची जुडी आणि डोक्यावर लालभडक हेल्मेट. न राहवून मी विचारलं, "नाना, गाडी कुठेय?"

"गाडी त्यास्नी शे बाई, डोकं मन्हं शे," म्हणाले आणि मेथी घेऊन आत गेले.

त्यांची म्हणजे वाळूवाल्यांची. नदीतली वाळू उपसून उपसून गावची विहीर आटली, तेव्हा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले नाना डंपरसमोर उभे राहू लागले. गंमत म्हणजे सुरुवातीला हे भांडणही घरोब्याचंच होतं. नाना डंपर अडवत, तलाठ्याला बोलावत, वाळू खाली करायला लावत आणि मग त्याच रिकाम्या डंपरात बसून घरी येत. वाटेत भिका ड्रायव्हरला गिअर कसा टाकावा ते शिकवत. भिका त्यांना दारात उतरवायचा आणि नानांच्या पत्नी, अक्का, त्याच्याही हातात चहाचा कप द्यायच्या.

मग धुळ्याला एका मंत्र्यांची सभा झाली. नाना हौसेने ऐकायला गेले. "विकासाच्या आड येणारे हे परक्यांचे हस्तक आहेत, जनताच यांना धडा शिकवील!" साहेब गरजले. मंडप टाळ्यांनी दणाणला. "मीबी टाया वाजाड्यात," नाना सांगत. "माले काय माहीत, तो हस्तक म्हंजे मीच!"

साहेबांनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं आणि कुणी कुणाला हुकूमही दिला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी भिकाने डंपर थांबवलाच नाही. नानांनी बाभळीत उडी घेतली म्हणून वाचले. पाठीतले काटे काढताना अक्का रडल्या. नानांना परदेशातून पैसा येतो अशी आवई गावात उठली, तेव्हा त्याच अक्का बंद पडलेल्या पंख्याकडे बोट करून कडाडल्या, "पैसा येस तं हाऊ पंखा का नई फिरस?" टपरीवर नाना टेकले की माणसं अर्धा चहा टाकून उठू लागली. पोलिसांनी तक्रार ऐकली आणि विचारलं, "साहेबांनी तुमचं नाव कुठे घेतलंय? जरा जपून राहत चला." नाना त्याच संध्याकाळी हेल्मेट घेऊन आले.

रोज सकाळी माझ्या दाराशी येऊन ते विचारत, "बाई, आज साहेब काय बोलना?" लोक पावसाचा अंदाज विचारतात तसं. साहेब कुठे तापले असले की नाना हनुवटीखालचा पट्टा आवळून घेत आणि नदीकडे निघत. मला हसू यायचं. पण संध्याकाळी ते परत येईपर्यंत अक्का चूल पेटवत नसत, आणि मग माझंही हसू जिरायचं.

पुढे निवडणूक आली, पाण्याची ओरड वाढली, आणि साहेबांनीच जाहीर केलं, "नदी राखणारे हेच खरे देशभक्त!" दुसऱ्या दिवशी सकाळी भिका झेंडूचा हार घेऊन दारात हजर. अक्कांनी मुकाट्याने चहा टाकला. नानांनी हार घेतला, पण हेल्मेट काही उतरवलं नाही. मी म्हटलं, "नाना, आता तरी धोका टळला ना?"

"भाषणमुये मरनार व्हतू, भाषणमुये वाचनू. मंग बाई, त्या पोलीस ठाणाले कुलूप का नई लावतस?"

मागल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने नाना धुळ्याच्या दवाखान्यात पडले. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मी भेटायला गेले आणि मला भरून आलं. नानांचा चेहरा मात्र कुस्ती मारल्यासारखा. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "रडू नका बाई. मी खाटवर मरी ऱ्हायनू. गावमा बठ्ठासले सांगा."

गावात परतल्यावर मी सगळ्यांना तसंच सांगितलं. भिकाला दोनदा सांगितलं.