पुणे ते चिपी, विमानाने

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे दहिसरला राहायला आले. दादा पुण्यात. गावचं घर आणि काजूची बाग बघायला तो दर महिन्याला जायचा, आणि पुण्याहून सिंधुदुर्गातल्या चिपीला विमान सुरू झाल्यावर म्हणायला लागला, "आता विमानानेच जातो." बाबांना त्याचा कोण अभिमान. बिल्डिंगच्या वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगून टाकलं.

मला शंका आली ती गावच्या काकांच्या फोनमुळे. सकाळी विमानात बसलेला दादा घरी पोचायचा संध्याकाळी, दिवेलागणीला. मी मोबाइलवर बघितलं. दोन्ही विमानतळांमध्ये सरळ रेषेत तीनशे किलोमीटरसुद्धा नाहीत, आणि विमानाला लागतो साधारण तासभर. मग उरलेला दिवस हा असतो कुठे?

"विमान लेट झालं," तो म्हणाला. पुढच्या महिन्यात, "चिपीहून रिक्षाच मिळेना." प्रत्येक वेळी?

बाबांनाही मी बोलून दाखवलं. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तासाभराचा विमान आणि ह्यो संध्याकाळी पोचता? मधी खय उतरता?" आणि परत पेपर वाचायला लागले.

माझं डोकं मात्र चालूच. बागेवर डोळा असलेला एक दलाल मागे घरी येऊन गेला होता. दादा परस्पर त्याला भेटत असेल तर? वहिनीला विचारावं, तर तीही यात असली तर? सख्ख्या भावाबद्दल असलं मनात येतंय याची लाज वाटायची, पण येणं थांबत नव्हतं.

एकदा तो निघाला त्या दिवशी दुपारी मी मुद्दाम फोन केला. त्याने चुकून उचलला. मागून कोणीतरी ओरडत होतं, "कोल्हापूर, कोल्हापूर. गाडी वीस मिनिटं थांबेल."

"दादा, कुठे आहेस तू?"

"विमानतळावर," तो म्हणाला आणि फोन कट झाला.

पुढच्या रविवारी तो दहिसरला आला. बाबा आत झोपले होते. मी सरळ विचारलं, "बाग विकतोयस का रे?"

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. मग खुर्चीत बसला. "एकदाच बसलो होतो गं विमानात. पट्टा लावला आणि छातीत धडधडायला लागलं, श्वास पुरेना. दार लावायच्या आधी उतरलो. तेव्हापासून एसटीने जातो."

"मग खोटं कशाला?"

"तोवर बाबांचं सगळ्यांना सांगून झालं होतं."

तो पुण्याला परतल्यावर मी काकांना फोन लावला. ते हसले. "एसटीनंच येता गो. तोच सांगू नको म्हणालो होतो." तेव्हा कुठे मला नीट झोप लागली.

बाबा त्या रविवारी आत झोपले नव्हतेच. शिमग्याला त्यांनी स्वतःच दादाला फोन केला. "मी येतंय तुझ्यावांगडा. एसटीन जावया. माका विमान नको, कान दुखतत." बाबा जन्मात विमानात बसलेले नाहीत.

बाबा आदल्या दिवशी पुण्याला गेले आणि दोघे तिथून निघाले. दुपारी मी फोन केला.

"घाट उतरून फोंड्याला पोचलो," दादा म्हणाला.

"बाबांना दे जरा," मी म्हटलं. खरंच फोंडा का, ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.