दादांचा परवचा

आमच्या दहा-बारा शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत दर वेळी कुणाच्या तरी गळ्यात एखादा विषय मारला जातो. यंदा माझी मान सापडली. विषय होता, ‘आधुनिक राष्ट्रविकासासाठी पारंपरिक भारतीय शिक्षणाचं मोल’. वेळ दहा मिनिटं. एवढा मोठा देश दहा मिनिटांत विकसित करायचा म्हणजे मला घाईच होती.

‘‘मॅडम, तुमचे वडील जुने गुरुजी. तुमच्या तर घरातच परंपरा हाय,’’ असं म्हणून केंद्रप्रमुखांनी वहीत माझं नाव लिहिलं आणि ते मोकळे झाले.

घरातली ती परंपरा चार महिन्यांपासून मुकी होती. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला, पाय फरफटू लागला आणि वाचा बसली. ऐकू सगळं यायचं, समजायचंही, पण बोलायला गेले की ‘त्ये... त्ये...’ एवढंच बाहेर पडायचं. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिले सहा महिने महत्त्वाचे. सुधारणा व्हायची ती बहुतेक त्यातच होते. त्यातले चार हातचे गेले होते. ज्या माणसानं छत्तीस वर्षं नुसतं बोलून संसार चालवला, तो पाणी मागायलाही तांब्याकडं बोट करत होता.

मी भूमजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. दादाही जिल्हा परिषदेचेच गुरुजी, त्यांची बरीचशी नोकरी ईटच्या आजूबाजूला झाली. आमचं जुनं घरही तिकडंच होतं; झटका आल्यावर दादांना मी माझ्याकडं आणलं. दिवेलागणीला त्या घराच्या ओट्यावर सतरंजी पडायची आणि गल्लीतली पंधरा-वीस पोरं परवचा म्हणायला जमायची. शेतकऱ्यांची असायची, मुसलमानांची असायची, सुताराचीही असायची. दादा कुणालाच बोलवायचे नाहीत आणि कुणाला हाकलायचेही नाहीत. आधी साधे पाढे, मग अपूर्णांकांचे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. पावकी म्हणजे पावाचा पाढा, सवायकी सव्वाचा, दिडकी दीडचा. सगळ्यांत शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा. औट म्हणजे साडेतीन. ‘‘ज्याचा देह त्याच्या हातानं औट हात,’’ असं दादा सांगायचे, आणि पोरं लगेच भिंतीला टेकून एकमेकांना कोपरापासून बोटापर्यंतच्या हातानं मोजायला लागायची. माझी गाडी दिडकीपर्यंत कशीबशी जायची. औटकी सुरू झाली की मला हटकून लघवीला लागायची.

आईला त्या सतरंजीवर कधी बसता आलं नाही. ती वेळ भाकरीची. पण चुलीपाशी बसून ऐकून ऐकून तिची निमकी माझ्यापेक्षा पाठ होती, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. परंपरेचं कौतुक करताना ही चूल मी विसरू शकत नाही. दादांच्या हातातली छडीही विसरू शकत नाही. ती फार चालायची नाही, पण दिसायची.

डी.एड. होऊन मी घरी आले तेव्हा डोक्यात नवं वारं होतं. एका संध्याकाळी पोरं सवायकी म्हणत होती, दोन-तीन पालकही येऊन बसले होते, आणि मी उंबऱ्यातूनच तोंड उघडलं. ‘‘दादा, ही नुसती घोकंपट्टी हाय. अर्थ न्हाय, आकलन न्हाय. पोरांचे पोपट करायलात तुम्ही. आता असं कुणीच शिकवत न्हाय.’’

पोरं उठल्यावर दादांनी सतरंजी झटकली, घडी घातली आणि आत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी पोरं आली तेव्हा म्हणाले, ‘‘आता ताई शिकवतील, नव्या रीतीनं.’’ ताईंना पंधरा दिवसांत नेमणुकीचा कागद आला आणि ताई निघून गेल्या. ओट्यावर परत कधी सतरंजी पडली नाही. माझं म्हणणं निम्मं बरोबर होतं, हे मी आजही सोडायला तयार नाही. पण ज्या तोंडानं, ज्या माणसांसमोर मी ते म्हटलं, त्याची मला आजही लाज वाटते. मी कधी माफी मागितली नाही, त्यांनी कधी विषय काढला नाही.

आता तर काढणंही त्यांच्या हातात नव्हतं. मी शाळेतली चित्रांची कार्डं घरी आणली. गाय, कप, चष्मा. ‘‘दादा, हे काय हाय?’’ पहिलीतल्या लेकरांना विचारते तसं विचारलं. दादांनी तोंड फिरवलं. राग असता तर मला परवडलं असतं. त्यांना लाज वाटली होती. मी कार्डं तशीच टाकली आणि मोरीत नळ सोडून रडले.

परिषद आठवड्यावर आली तेव्हा मी मोबाईलवरून तक्षशिला, नालंदा, शून्याचा शोध वगैरे भराभर उतरवून घेतलं. त्याच आठवड्यात बाजारच्या दिवशी टेलरभाई दादांना बघायला आले. हे आमच्या गल्लीतले, परवच्याला बसणारे. आता भूमला एस.टी. स्टँडजवळ त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. दादांची अवस्था बघून ते गडबडले. मग आपल्याच धंद्याचं सांगत बसले.

‘‘गुरुजी, वळखलं का? म्या खांबाला टेकून बसायचो. तुमच्या सवायकीवर आख्खी जिंदगी चाललीय बघा. सहा पोरांचे सदरे, एकाला सव्वा मीटर, सहा सव्वा साडेसात. गिऱ्हाईक मोबाईल काढंपर्यंत माझी कैची चालू!’’

दादा ‘त्ये... त्ये...’ करू लागले. डोळ्यांत पाणी आलं. टेलरभाईंना ते बघवेना. त्यांनी मान खाली घातली आणि ओट्यावरच्या त्या जुन्या सुरात, स्वतःशीच म्हटल्यासारखं, सुरू केलं. ‘‘एक सव्वा सव्वा. बे सव्वा अडीच. तीन सव्वा...’’

‘‘पावणेचार,’’ दादा म्हणाले.

मी दारातच थबकले. पुढं दोघं मिळून म्हणत गेले, पाच, सव्वासहा, साडेसात, पार साडेबारापर्यंत. आवाज जाड होता, पण शब्द स्वच्छ होते. टेलरभाई तोंडाला रुमाल लावून बाहेर गेले. मी धावत डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, सुरात पाठ केलेलं मेंदूत वेगळ्या वाटेनं जपलेलं असतं, बोलता न येणाऱ्यालाही कधीकधी ते येतं. पण हुरळून जाऊ नका, हे त्यांचं स्वतःचं बोलणं नव्हे. म्हणत राहा, कदाचित त्या वाटेनं एखादा शब्द बाहेर येईल.

परिषदेत मी नालंदा गुंडाळून ठेवली आणि टेलरभाईंची कैची सांगितली. म्हटलं, राष्ट्र कुठं वेगळं असतं? सदरा नीट बेतणारा शिंपी, विटा अंदाजानं बरोबर मागवणारा गवंडी, दुधाचा किती खवा पडणार हे भट्टीजवळ उभ्याउभ्या सांगणारी बाई, यांच्यावरच ते चालतं. त्यांच्या जिभेवर कुणीतरी माप ठेवलेलं असतं. गल्लीतलं एक मोठं माणूस रोज पोरांबरोबर बसून ते ठेवायचं, फुकट. आपण ती सतरंजी घडी घालून ठेवली. पहिल्या बाकावरच्या नव्या शिक्षिकेनं हात वर केला. ‘‘म्हणजे मॅडम, परत घोकंपट्टी आणायची का?’’

माझंच वाक्य समोरून आलं. मी म्हटलं, ‘‘न्हाय. आधी अर्थ सांगायचा, छडी फेकून द्यायची. पण पाठांतराला हसायचं न्हाय. म्या हसले होते.’’ तेवढ्यात चहा आला आणि राष्ट्रविकास तिथंच थांबला.

शनिवारी सकाळी मी रिक्षा करून दादांना शाळेत नेलं. व्हरांड्यात खुर्ची टाकली, समोर चौथीचा वर्ग. दिडकी छान झाली. मग दादांनी औटकी काढली. ‘‘एक औट औट.’’ मागच्या रांगेतल्या एकानं पंचासारखं बोट वर केलं. ‘‘बे औट...’’ आणखी पाच बोटं वर. पोरांना वाटलं, गुरुजी क्रिकेटच्या विकेटी मोजतायत. चौदा आले, साडेसतरा आले, पण वर्गाचं लक्ष फक्त विकेटींवर. ‘‘दहा औट’’ला सगळा वर्ग उभा राहून ओरडला आणि दोन वेण्यांची एक पोरगी माझ्याकडं वळून म्हणाली, ‘‘मॅडम, आख्खी टीम गेली की वो!’’

दादा हसले. तोंड एका बाजूनंच उघडत होतं, पण पोट गदागदा हलत होतं. आजारपणानंतरचं हे पहिलं हसू. मग मी पोरांना एकमेकांचे हात मोजायला लावले, औट म्हणजे काय ते अंगावर दाखवलं, आणि दुसऱ्या खेपेला बोटं फक्त दोघांचीच वर आली.

शनिवार आमचा ठरूनच गेला. सहावा महिना मात्र संपत आला होता. पाढे यायचे, बाकी ‘त्ये... त्ये...’ तसंच. मी मनाची समजूत घालायला लागले होते की एवढंच मिळायचं होतं, तेवढं मिळालं.

एका संध्याकाळी दादांच्या पायाला तेल चोळता चोळता मीच औटकी सुरू केली. त्यांना बरं वाटावं म्हणून, इतकंच. ते बरोबर म्हणत होते. सात औट साडेचोवीस. आठ औट अठ्ठावीस. ‘‘नऊ औट एकतीस,’’ मी म्हटलं आणि पुढं जाणार, तर दादांनी डावा हात गुडघ्यावर आपटला. मी वर बघितलं.

‘‘साडे,’’ ते म्हणाले. ‘‘साडे... एकतीस.’’

‘‘व्हय की. साडेएकतीस.’’

ते माझ्याकडं बघतच राहिले. कपाळावर शीर उठली, ओठ जुळले, सुटले, परत जुळले. मला वाटलं, ‘दहा औट’ म्हणायचं असेल. म्हणून मी सुरुवात करणार, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं.

‘‘तू...’’ दादा म्हणाले. ‘‘तू... अजून... कच्ची हाईस.’’

यात सूर नव्हता, पाढा नव्हता. सहा महिन्यांत ते स्वतःचं पहिलं वाक्य बोलले होते, आणि ते माझ्याशी बोलले होते. तेलाच्या हातानंच मी त्यांचे पाय घट्ट धरले.

‘‘व्हय दादा, कच्ची हाय,’’ मी म्हटलं. ‘‘पक्की करून घ्या.’’