लाल फुली

आत्याचा हात आधी चालायचा, तोंड नंतर. शाळेबाहेर माझी वेणी ओढणाऱ्या मुलाच्या बापाला तिने त्याच्याच दारात कानफटवलं होतं, आणि मग विचारलं होतं, "तुम्हीच ना त्याचे वडील?"

जुन्या गाड्या मोडायच्या आवारात ती प्रेस चालवायची. वरच्या केबिनमध्ये बसून दांडा ओढला की लोखंडी जबडा खाली यायचा, काचा फुटायच्या, पत्रा किंचाळायचा आणि अख्खी गाडी ट्रंकेएवढी होऊन बाहेर पडायची. आत्याला हे काम मनापासून आवडायचं. माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, खाली फुली मारायचे. आलेली प्रत्येक गाडी ते तपासत. टाकी गळतेय किंवा बॅटरी फुटलीय असं दिसलं की टपावर लाल रंगाची फुली. फुलीची गाडी सगळ्यात आधी रिकामी करून प्रेसखाली घालायची, कारण ती राहिली तर शेजारच्या धडधाकट गाड्यांनाही घेऊन बुडते. बाबांची फुली पट्टीने आखल्यासारखी सरळ यायची आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

चाळिशी गाठायच्या आतच त्यांचा हात थरथरायला लागला. फुली गांडुळासारखी यायला लागली, माणसं हसायला लागली. मग बाबांनी फुली मारायचंच टाळलं. गळक्या गाड्या ढिगात तशाच राहिल्या, खाली पेट्रोल मुरत राहिलं आणि एका दुपारी गॅसकटरची ठिणगी नेमकी तिथे पडली.

ढीग भडकला. टायर फुटत होते, काचा उडत होत्या. कटरवाल्याची पँट पायांना चिकटून जळत होती आणि तो वेड्यासारखा गोल गोल पळत होता. आत्याने केबिनमधून उडी टाकली, लाथ घालून त्याला आडवा केला, अंगावर वाळू ओतली आणि काखेत हात घालून फरफटत बाहेर काढला. त्याच्या पोटऱ्यांची कातडी वाटेतच राहिली.

आग विझल्यावर मुकादम बाबांपाशी आला. त्याने डब्यात ब्रश बुडवला आणि बाबांच्या पाठीवर, शर्टावरच, फुली ओढली.

"हेही भंगारच," तो म्हणाला.

आत्याच्या हातात पाना होता. मुकादमाचे पुढचे दात वाळूत पडले.

"माझ्या भावावर पुन्हा कोणी फुली मारली तर हात मुळापासून उपटीन," ती म्हणाली. मुकादमाने तक्रार केली नाही. गळक्या गाड्या त्याला इतके दिवस कशा दिसल्या नाहीत, हेही मग सांगावं लागलं असतं.

त्यानंतर आत्याने बाबांना मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नेलं म्हणजे मानगूट धरून नेलं. सगळ्या तपासण्या झाल्यावर बाईंनी दोघांना समोर बसवलं.

"आपल्या पेशींमध्ये मायटोकाँड्रिया असतात," त्या म्हणाल्या. "पेशीला लागणारी ऊर्जा तेच तयार करतात. त्यातला एखादा बिघडला की पेशी त्याच्यावर खूण करते, त्याला गिळते, मोडते आणि कामाचे तुकडे परत वापरते. वय वाढतं तसं हे काम सगळ्यांचंच मंदावतं. म्हातारपणी शरीर थकतं, त्याचं तेही एक कारण असावं. तुमच्या भावात ती खूण करणारी यंत्रणाच जन्मापासून सदोष आहे. बिघडलेले साठत गेले, आतून पेशीला पोळत राहिले. मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या पेशी त्याने मरत चालल्यात."

"म्हणजे आतसुद्धा फुली मारणारा कामचुकार," आत्या म्हणाली.

"असंच म्हणा."

"मग दुसरा ठेवा त्याच्या जागी."

"ते अजून जमलेलं नाही. गोळ्यांनी हात थोडा स्थिर होईल, एवढंच."

आत्याने टेबलावर मूठ हाणली. वरची काच तडकली.

"ताई, त्यांचं काय चुकलं?" बाबा म्हणाले. कोणाचंच काही चुकलं नव्हतं, आणि आत्याला नेमकं तेच सहन होत नव्हतं.

गोळ्यांनी फरक पडला. मुकादमाच्या उरलेल्या दातांकडे बघत आत्याने सांगितलं, उद्यापासून हा कामावर. नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

गोळी चुकली की मात्र बाबांचे पाय जमिनीला खिळायचे. एक दिवस ते गोळ्या घरीच विसरले म्हणून मी त्या द्यायला निघाले. मी फाटकात पोचले तेव्हा ते प्रेसच्या तोंडात वाकून अडकलेला बंपर आत सारत होते. बंपर सारून ते नेहमी मागे सरत, म्हणून आत्याने दांडा ओढला. बाबा सरले नाहीत. आत्याने लाथेने प्रेस थांबवायचं बटण दाबलं. जबडा थांबला तो बाबांच्या खांद्यावर येऊन. हाड मोडल्याचा आवाज मला फाटकापर्यंत ऐकू आला.

आत्या खाली आली. तिने बाबांना बाहेर ओढलं आणि दोन्ही गालांवर मारत सुटली. मारत मारतच कॉलर धरून त्यांना फाटकापर्यंत फरफटवलं. मोडका हात लोंबत होता.

"ताई, मी भंगार नाही गं," बाबा म्हणाले.

तिने आणखी एक लगावली. मग रंगाच्या डब्यात बोटं बुडवली आणि त्यांच्या छातीवर, शर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल फुली ओढली.

"याला परत आत घेईल त्याला मी प्रेसखाली घालीन," ती मुकादमाला म्हणाली. त्या क्षणी मला तिचा जीव घ्यावासा वाटला.

बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती मात्र रोज संध्याकाळी यायची, खांद्याची पट्टी बदलायची, घास भरवायची. बाबा तिच्या हातून खायचे, भिंतीकडे बघत. तो शर्ट आईने कितीदा धुतला, रंग गेला नाही आणि बाबांनी तो टाकूही दिला नाही.

एका संध्याकाळी आत्या त्यांना तोच शर्ट घालत होती. बाबांनी मान खाली घालून छातीकडे बराच वेळ पाहिलं.

"वाकडी आलीय," ते म्हणाले.

"हात हलला माझा," आत्या म्हणाली, आणि राहिलेलं बटण लावू लागली. ते तिला काही केल्या लागेना.