खिळेमामाची मुंडकं नसलेली गाणी

माझ्या मामाला कामाच्या वेळी काही विचारायला जाऊ नका. तो उत्तर देणार नाही, आणि तुम्हाला वाटेल, माणूस भलताच शिष्ट आहे. शिष्ट वगैरे काही नाही. त्याच्या तोंडात खिळे असतात. सोफ्याला कापड ठोकायचं तर एका हाताने ते ताणून धरावं लागतं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळे धरायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक पुढे ढकलायचा, हातोडीच्या लोहचुंबकी टोकाने ओठांवरून उचलायचा आणि ठोकायचा. लोक मूग गिळून बसतात, आमचा मामा खिळे धरून बसतो. गिऱ्हाईकं त्याला खिळेमामा म्हणतात ती त्यामुळेच.

त्याच वर्कशॉपच्या दुसऱ्या कोपऱ्यात माझं शिलाई मशीन आहे. खोळी, अभ्रे, पडदे माझ्याकडे. लाकूड, स्प्रिंगा, फोम त्याच्याकडे. आणि आमच्या दोघांच्या मधल्या फळीवर त्याचा टेपरेकॉर्डर. त्यावर गोंदाचे इतके थर बसलेत की मूळ रंग कुठला होता ते आता त्यालाही आठवत नाही. या टेपवर सकाळी शटर वर गेल्यापासून एकच प्रकार वाजतो, हिपहॉप. पन्नाशी उलटलेला, लग्न न केलेला, ढोपरांवर ठिगळं लावलेली पँट घालणारा हा गृहस्थ आणि हिपहॉप! नवीन गिऱ्हाईक आलं की आधी माझ्याकडे बघतं. जणू काही गाणी मीच लावलीत. मी मान हलवून मामाकडे बोट दाखवते.

आईचं, म्हणजे मामाच्या मोठ्या बहिणीचं, मत अगदी साफ होतं. दुपारी डबा घेऊन आली की दारातूनच म्हणायची, "सुरू आहे का तुझं भांडण? या माणसांना घरी कुणी गप्प बसवत नाही वाटतं!" मामा तोंडातल्या तोंडात "म्म्" करायचा आणि आवाज थोडा वाढवायचा.

आता मी पडले चौकस. खरं सांगायचं तर भोचकच. समोर एखादी गोष्ट असेल आणि ती मला कळत नसेल, तर माझ्या जिवाला चैन पडत नाही. मला दोन गोष्टी कळत नव्हत्या. एक म्हणजे, मामाची सगळी गाणी मधूनच का सुरू होतात? आणि दुसरी, त्याला त्यातलं काही समजतं तरी का?

पहिलीचं उत्तर सोपं निघालं. तरुणपणी रेडिओवर दुपारी एक कार्यक्रम लागायचा, त्यातून मामा ही गाणी टेप करायचा. पण गाणं सुरू झालं की हात असायचे गोंदात. ते पुसून, फोमचे तुकडे ओलांडून, लाल बटण दाबेपर्यंत गाण्याची सुरुवात निघून गेलेली. म्हणजे मामाकडे मुंडकं असलेलं एकही गाणं नाही! मी एकदा हौसेने त्यातलं एक फोनवर शोधून पहिल्यापासून ऐकवलं. मामाच्या कपाळाला आठ्या. म्हणाला, "हे पुढे कुणी चिकटवलं?"

"अरे, ती सुरुवात आहे गाण्याची!"

"नको. मला माझंच बरं आहे."

निवेदक गाण्याचं नाव सांगायचा तेही अर्थात गेलेलं. मग मामाने नावं आपली आपणच ठेवली होती. ज्या दिवशी जे काम हातात होतं, ते गाण्याचं नाव. 'न्हाव्याची खुर्ची' हे एक जबरदस्त गाणं होतं, त्यात मागे कुणीतरी दार आपटल्यासारखा ठेका होता. 'लाल सोफा' म्हणजे दोन पोरींची जुगलबंदी. 'दवाखान्याची बाकं' हे इतकं उदास की ते लागलं की मी मशीन थांबवायचे. आणि सगळ्यात लाडकं, रोज जेवणानंतर न चुकता लागणारं, 'ताईची खुर्ची'. बाकी सगळ्या नावांत गिऱ्हाईकं होती, यातच तेवढी आई कशी काय, हे मी कितीदा विचारलं. मामा नुसता हसायचा. खिळे तोंडात ठेवून हसता येतं, हे मी त्याच्याकडेच पाहिलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याने एकदा पाणी प्यायला खिळे काढले तेव्हा दिलं. "शब्द सगळे नाही कळत गं. पण बाजूच्या घरात कुणी तावातावाने बोलत असलं तर तू भिंतीला कान लावतेसच ना? तसंच."

मी लावतेच.

'ताईची खुर्ची' मलाही आवडायला लागलं होतं. आधी एक माणूस असा काही सुसाट सुटतो की श्वास कधी घेतो असा प्रश्न पडावा. आणि तो अगदी टिपेला पोचला की मध्येच 'खट्', आणि एकदम एक बाई शांतपणे बोलायला लागते. ठेकाही संथ होतो. माणूस परत येतच नाही. मामा त्या 'खट्'ला बरोब्बर हातोडी मारायचा, कधी चुकला नाही.

मग मामाच्या कानांचं सुरू झालं. मी हाक मारावी आणि त्याने बघू नये. आधी मला वाटलं मुद्दाम करतोय, आमची चांगली दोन-चार भांडणंही झाली. शेवटी ओढत कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सांगितलं, वर्षानुवर्षं हातोडी डोक्याजवळ वाजून डावा कान गेलाय, उजवाही त्याच वाटेवर आहे. कानात मशीन लावता येईल, बोलणं कळेल, पण गाणी पूर्वीसारखी नाही ऐकू येणार. "तरी ओळखीची गाणी बरीच कळतील तुम्हाला," त्या म्हणाल्या. "जे पाठ असतं ते डोकं भरून काढतं."

बाहेर येऊन मामा म्हणाला, "मग पाठ करून ठेवतो. आहेत किती?" एवढंच. मला मात्र रस्त्यातच रडू आलं, आणि त्याचा राग मी रिक्षावाल्यावर काढला.

मामा कामाला लागला. रोज एकेक कॅसेट, टेपला उजवा कान लावून, डोळे मिटून. आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी, नेमकं 'ताईची खुर्ची' चालू असताना टेप घरघरला. मामाने झाकण उघडलं तर आत सगळा गुंता. त्याने घाईने ओढलं आणि फीत जागोजागी तुटली. तपकिरी फितीचा गोळा हातात घेऊन तो बसून राहिला. म्हणाला, "काथ्या झाला याचा." मी गोळा सोडवायचा प्रयत्न केला. एका जागी पिवळी पडलेली चिकटपट्टी दिसली. कंपनीचीच असेल, मामा म्हणाला. आई तेव्हा डबा घेऊन आली होती. तिने ती चिकटपट्टी बघितली आणि त्या दिवशी 'भांडण' हा शब्दसुद्धा न काढता घरी गेली.

मामा जेवेनासा झाला. "बाकी सगळी गेली तरी चालतील," तो म्हणाला. "हे एक पाठ व्हायला हवं होतं. शेवटचं बाईचं अजून नीट बसलं नव्हतं." उजवा कान काय, आज आहे, उद्या नाही. मी ठरवलं, आता हे गाणं शोधायचंच. पण शोधायचं कसं? फोनला काय विचारू, 'ताईची खुर्ची'?

नशीब असं, की आमच्याकडे सीट कव्हर शिवून घ्यायला एक टॅक्सीवाले काका येतात, त्यांच्या गाडीत दिवसभर हेच वाजतं. मी मामाला खिळे काढायला लावले आणि म्हटलं, म्हणून दाखव. मामाने इकडे-तिकडे बघितलं, लाजला, आणि मग जे काही सुटला! शब्दांची पार वाट लागली होती, पण टॅक्सीवाले काका ताडकन उभेच राहिले. "अहो, हे माहितीये मला!" त्यांनी माझ्या फोनवर लगेच लावून दिलं. तोच माणूस, तोच सुसाट वेग. मामाचा चेहरा असा खुलला म्हणता! तो टिपेला पोचला, मामाने हातोडी उचलली... आणि माणूस बोलतच राहिला. शेवटपर्यंत तोच. बाई आलीच नाही.

"हे नव्हे," मामा म्हणाला. "बाई कुठंय?"

काका म्हणाले, या गाण्यात बाई नाहीच. मामा म्हणाला, आहे. काका म्हणाले, नाही. मी त्या गाण्याचे फोनवर सापडतील ते सगळे अवतार ऐकले. लांब, आखूड, मैफलीतलं, कुणीतरी घरात बसून म्हटलेलं. बाई कुठेच नाही. माझं डोकं भणभणलं. मामाला वेड लागलं म्हणावं, तर ती बाई मीही रोज ऐकली होती!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तेच गाणं पुन्हा लावून बसले होते. आई आली. डबा ठेवला, स्टुलावर टेकली. माणूस टिपेला पोचला, आणि आई आपल्या नादात पुटपुटली, "आता बाई."

मी मशीनचं चाक हाताने थांबवलं. "आई, तुला काय माहीत?"

"मला काय माहीत असणार?" म्हणाली, पण कानापर्यंत लाल झाली. मी तिला सोडते होय? मी दाराशी दुसरं स्टूल ओढून बसलेच. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

मामा तरुणपणी एकदा चांगलाच आजारी पडला होता. त्याच दिवशी त्याने ते गाणं टेप केलं होतं आणि रात्रीच्या आत त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं. दातांच्या डॉक्टरांची खुर्ची अर्धी उघडी पडलेली. गिऱ्हाईक जाईल म्हणून आई इथे येऊन बसली, आणि तिने ती खुर्ची स्वतः भरली. "हाताला किती फोड आले होते! आणि इथे एवढी शांतता, मला करमेना. म्हणून याचा टेप लावला." रोज लावला. नवीन गाणं तर इतकं ऐकलं, मागे नेऊन नेऊन ऐकलं, की फीत मध्येच चावली गेली. पुढचा भाग चुरगळून पार गेला. आईने तो कापून टाकला, दुसऱ्या एका कॅसेटमधून तेवढाच तुकडा कापला आणि चिकटपट्टीने जोडला. "दोन कापडं जोडतो तसंच म्हटलं. याला काय कळतंय!"

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगणारच होते गं! पण हा घरी आला, याने गाणं लावलं, आणि बाई बोलायला लागली तसा रडायलाच लागला. म्हणाला, ताई, यात एवढं पुढे असेल असं वाटलंच नव्हतं. मग कुठल्या तोंडाने सांगू?"

हे सगळं आम्ही कुजबुजत बोलत होतो, पण मामा आमच्या तोंडांकडे बघत होता. आताशा तो ओठ वाचायला शिकला होता. त्याने ओंजळीत खिळे काढले, एकेक, सावकाश. आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, झालं, आता हा चिडणार, आणि चिडला तर त्याचं चुकलंही नसतं.

"म्हणजे," मामा म्हणाला, "हे गाणं जगात दुसऱ्या कुणाकडेच नाही?"

"नाही रे," आई म्हणाली. "चुकलं माझं."

"आणि तुला भांडण वाटतं ते?"

आई पदराआडूनच म्हणाली, "मला 'लाल सोफा'पण आवडतं."

मामा इतका हसला की ओंजळीतले खिळे खाली सांडले. हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाला, "मग परत जोड. तूच जोड. हिला नाही जमायचं."

ज्या कॅसेटमधून आईने तुकडा कापला होता ती खोक्याच्या तळाशी अजून होती. बाईचं उरलेलं गाणं त्यात होतं. ते फोनला ऐकवलं, फोनने नाव ओळखलं, अख्खं गाणं मिळालं. मग फोनवरच दोन्ही कापायला घेतली. आई चष्मा लावून माझ्या खांद्यावरून सांगत होती, "इथे नाही, अजून थोडं पुढे. हां, त्याने श्वास घेतला ना, तिथे." आमच्या मातोश्री हिपहॉप कापत होत्या! मी दोनदा चिमटा काढून बघितला.

मामाने फोन थेट सोफ्याच्या उघड्या सांगाड्यावर ठेवला, उजवा कान लाकडाजवळ नेला आणि तळहात त्यावर पसरला. माणूस सुटला, टिपेला पोचला, बाई बोलायला लागली. मामाने डोळे उघडले आणि मान हलवली. "काहीतरी राहिलंय."

मला कळेना. सगळं तर होतं! आईला मात्र कळलं. फोनमधला जोड फारच सफाईदार झाला होता. चिकटपट्टी टेपमधून जाताना वाजायची ती यात नव्हती.

"पहिल्यापासून लाव," आईने मला सांगितलं आणि मामाच्या पायाशी पडलेली हातोडी उचलली. गाणं सुरू झालं. आई ओठ हलवत होती. एकेक शब्द तिला पाठ होता, मामापेक्षा चांगला. माणसाने श्वास घेतला आणि आईने हातोडी लाकडावर मारली. खट्.

मामाने तळहात तसाच ठेवला. बाई शेवटपर्यंत बोलली, तो हलला नाही.

आता उजवा कानही जवळजवळ गेलाय. मशीन लावतो, त्यात गाणी पत्र्यावर वाजल्यासारखी येतात म्हणतो. पण जेवण झालं की दोघं सांगाड्याशी बसतात. मी फोन लावते, मामा हात ठेवतो, आणि हातोडी आईकडे असते.