पृथ्वीवरून उत्तर येत नाही तो भाग

अर्धांगवायूच्या झटक्यात नवऱ्याची वाचा गेली, त्याला आता चार महिने झाले. बोलण्याचे व्यायाम करून घ्यायला इंदिरानगरच्या आमच्या घरी एक बाई येतात. त्या म्हणाल्या, "त्यांना पाठ असलेलं काहीतरी ऐकवा. असे शब्द कधीकधी आपोआप बाहेर येतात." मला टीव्हीवरची ती अंतराळयानाची जुनी मालिका आठवली. तिचा एक भाग त्याला कॉलेजपासून तोंडपाठ होता. लग्नानंतर त्याने तो मला कितीदा तरी आवाज बदलून करून दाखवला होता.

दुपारी मी टॅबवर तो भाग लावला. यानात एकटा उरलेला माणूस पृथ्वीला हाका मारत होता आणि तिकडून कुणीच उत्तर देत नव्हतं. त्याच्या शेवटच्या वाक्याआधी मी चित्र थांबवलं. "आता तू म्हण," मी म्हटलं. नवऱ्याचे ओठ हलले, पण घशातून नुसती घरघर आली. मी पुन्हा लावलं. चौथ्या वेळी तर मी ओरडलेच, "अरे, एक शब्द तरी बोल ना!"

त्याने डाव्या हाताने टॅब पालथा घातला आणि तोच हात माझ्या तोंडावर ठेवला. त्याचे डोळे वाहत होते. आपण त्याला काय बघायला लावलं, ते मला तेव्हा कुठे कळलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "ऐकवलंत का काही?"

"नाही, वेळच झाला नाही," मी म्हणाले. तो समोरच बसून ऐकत होता.