दोन मीटर, एक आकडा

जुन्या बाजारातून आणलेला, विजेचा दाब मोजायचा मल्टिमीटर सकाळी टेबलावर चालू करून तापत ठेवला. असली अचूक यंत्रं तासभर तापू दिली, की मगच त्यांचा आकडा स्थिरावतो. मग एकाच बॅटरीला तो लावला आणि माझा वीस वर्षं वापरातला मीटरही लावला. आकडे जुळेनात. नवा आलेलाच चुकत असणार, असं धरून मी दुपारभर त्याचा आकडा जुळवायचा, कॅलिब्रेशनचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत बसलो. पाठ भरून आली, डोळे चुरचुरू लागले. शेवटी दोघांचा आकडा एक झाला.

संध्याकाळी शेजारचे सर आले. प्रयोगशाळेतून नुकताच तपासून आणलेला त्यांचा मीटर त्याच बॅटरीला लावून पाहिला, मी वहीत टिपलेले सकाळचे आकडे पाहिले आणि म्हणाले, "अहो, तुमचे दोन्ही सारखेच चुकताहेत! आणला तेव्हा हा बरोबर होता."

स्क्रू उद्या उलटा फिरवीन, असं मनाशी म्हणत होतो, तेवढ्यात सूनबाई चहा ठेवून मुकाट्यानं आत गेली. दोन वर्षांपूर्वी या घरात आली तेव्हा केवढ्यांदा हसायची! 'आपल्याकडे असं हसत नाहीत,' हे तिला मीच सांगितलं होतं.