दोन बोटं माया

शिवणकामात माया म्हणजे प्रेम नव्हे. शिवणीच्या आत, बाहेरून कुणाला दिसणार नाही असं जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. पोर वाढलं, बापाचं पोट सुटलं, बाळंतपणानंतर आईचं अंग भरलं, की शिवण उसवायची आणि आतली माया बाहेर काढायची. कपडा तोच राहतो, माणूस मोठा होतो. हे नाव ज्याने कुणी ठेवलं त्याने आधी दोन-चार पोरं नक्की वाढवली असणार.

शाळेच्या मागच्या गल्लीत ज्यांचं दुकान होतं, त्या मास्तरांची सगळी अब्रू या मायेवर उभी होती. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. शाळेत दुसरे पुष्कळ मास्तर आहेत, पण पोरांना मापात ठेवणारा मी एकटाच, हा त्यांचा आवडता विनोद होता आणि माप घेताना ते तो न चुकता ऐकवत. पोरं हसत नसत, आया हसत. दुकान म्हणजे एकच खोली. दारात मशीन, मागे कापायचं टेबल, टेबलाखाली चिंध्यांचं पोतं आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पुठ्ठ्याचे खाके. खाका कापडावर ठेवायचा, खडूने रेघ मारायची, रेघेबाहेर डाव्या हाताची दोन बोटं टेकायची आणि कात्री बोटांच्या पलीकडून चालवायची. पँटच्या मोहरीला, म्हणजे खालच्या तोंडाला, तर ते चार बोटं कापड आत दुमडत. मास्तरांची पँट तीन वर्षं जाते, असं आया एकमेकींना सांगत. कोपऱ्यावर तयार कपड्यांचं काचेचं दुकान निघालं तरी त्या मास्तरांकडेच येत राहिल्या, त्या याच भरवशावर.

त्यातली एक होती बांबूची आई. बेकरीत कामाला होती, एकटीच कमावती. तिच्या पोराचं खरं नाव तिलाही आठवायला लागत असेल, इतका तो वाढत होता आणि इतकं सगळे त्याला बांबू म्हणत. दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी ती पँट घेऊन यायची, केसांत पीठ तसंच, आणि म्हणायची, "मास्तर, सोडा थोडी." मास्तर मोहरी उसवायचे, दोन बोटं सोडायचे, इस्त्री फिरवायचे, की झालं.

मग ती जकातीची बातमी आली. परदेशातून येणाऱ्या कापडावर, दोऱ्यावर, चेनवर, सगळ्यावर जबर जकात बसली. मंत्री रेडिओवर म्हणाले की आता परदेशी कापडवाल्यांना पैसे मोजावे लागतील. मास्तरांना ते मनापासून पटलं. समोरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी त्या दिवशी जवळजवळ भाषणच ठोकलं. "बरं झालं! इतकी वर्षं आपल्या जिवावर गब्बर झाले. भरू दे आता त्यांना!" टपरीवाल्याने मान डोलावली. परदेशी माणूस भरणार, याचं माणसाला उगीच फार बरं वाटतं.

पुढच्याच आठवड्यात मास्तर शाळेच्या गणवेशाच्या राखाडी कापडाचा तागा आणायला ठोक बाजारात शेठकडे गेले. शेठने भाव सांगितला आणि मास्तरांनी हातातलं कापड खाली ठेवलं.

"अहो, जकात त्यांना बसली ना? परदेशवाल्यांना?"

"मास्तर, माल बंदरात उतरला की पावती माल मागवणाऱ्या आपल्याच माणसाच्या नावाने फाटते," शेठ म्हणाले. "त्याने माझ्यावर लावली. मी काय घरून भरू?"

"मग इथल्या मिलचं द्या."

"घ्या की. त्यांनीही वाढवलाय. शेजारचा महाग विकायला लागल्यावर हा काय धर्म करायला बसलाय? आणि वरून विक्रीकर. तो वाढलेल्या भावावर लागतो, लक्षात घ्या."

म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. मास्तरांनी तागा घेतला, कारण घेतल्यावाचून इलाज नव्हता. परत येताना त्यांना टपरीवरचं आपलं भाषण आठवलं आणि ते पलीकडच्या बाजूने वळून दुकानात शिरले.

आता सरळ मार्ग एकच होता, भाव वाढवायचा. पण मास्तर त्या वर्षी आधीच सगळ्यांना सांगून बसले होते की भाव मागचाच. सवयच तशी. ऑर्डर घेताना आया विचारायच्या आणि मास्तर मोठ्या मनाने हात उडवायचे, "तोच हो, तोच!" त्या हिशेबाने आयांनी घरी पैसे बाजूला काढून ठेवलेले. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, हे मास्तरांना आयांचंही माहीत होतं आणि स्वतःचंही. शब्द फिरवायचा तर तोंड कसं दाखवायचं? आणि कोपऱ्यावरचं काचेचं दुकान कशाला बसलं होतं?

म्हणून त्यांनी माया कमी करायचं ठरवलं. दोन बोटांची एका नखावर आणायची, मोहरीची चार बोटं जवळजवळ काढूनच टाकायची. एका ताग्यात तीन-चार पँटी जास्त निघत होत्या. बाहेरून सगळं तसंच दिसणार होतं, तीच घडी, तीच शिलाई.

ठरवणं सोपं होतं, हात ऐकेना. खडूची रेघ मारली की डावी बोटं आपली आपण कापडावर येऊन बसत आणि कात्री त्यांच्या बाहेरून जाई. दोन पँटी अशाच जुन्या मापाने कापल्या गेल्या. मास्तर स्वतःवरच चिडले. शेवटी त्यांनी रेघेवर लोखंडी पट्टी दाबून धरली आणि पट्टीच्या कडेने कापलं, म्हणजे बोटांना मधे यायला जागाच उरली नाही.

हातशिलाई मास्तरीणबाई करत. गल्लीने त्यांना हे नाव दिलं होतं आणि त्याही ते मास्तरांपेक्षा जास्त रुबाबात मिरवत. पहिली पँट मांडीवर घेऊन त्यांनी मोहरी चाचपली.

"अहो, यात दुमडू काय? माझं कपाळ?"

"जेवढं आहे तेवढं दुमड."

त्यांनी पँट उलटी केली, बाजूची शिवण बघितली आणि सुई कापडात टोचून ठेवली. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना काही समजावून सांगावं लागत नसे.

"सरळ भाव वाढवा ना. चार दिवस बडबडतील."

"बडबडतील आणि जातील."

"मग शेठशी भांडा."

"शेठ म्हणतो, वरून आलंय."

"आणि त्या वरच्याला?"

"त्याला आणखी वरून आलंय."

"म्हणजे सगळ्यांना वर कुणीतरी आहे. खाली काय ते आपणच."

"आपल्याही खाली आहेत," मास्तर म्हणाले आणि पुढची पँट कापायला घेतली.

मास्तरीणबाई भांडल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्यांनी सुई काढली आणि तेवढ्याशा कापडाला टाके घालत राहिल्या. कापड इतकं थोडं होतं की टाका दर वेळी निसटत होता, आणि त्या दर वेळी तो पुन्हा घालत होत्या.

कराची एक गंमत आहे. तो कुणीच ठेवून घेत नाही. वरचा खालच्याच्या हातात देतो आणि हात झटकतो. ज्याच्या खाली कुणी उरत नाही, त्याच्याकडे तो मुक्कामाला राहतो, आणि त्या माणसाला बहुतेक वेळा ठाऊकही नसतं की पाहुणा कधी आला.

ते वर्ष छान गेलं. आयांनी, बांबूच्या आईनेही, मागच्याच भावात नव्या पँटी नेल्या, मास्तरांना दुवा दिला. पोरं नव्या कपड्यात तशीच दिसत होती. मास्तर मात्र वर्षभर थकल्यासारखे झाले. काम तेवढंच होतं, पण दारात कुणी बाई उभी राहिली की ते आधी तिच्या हातात पँट आहे का ते बघायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. टपरीवर कुणी जकातीचा विषय काढला की ते कप अर्धा ठेवून उठायचे.

पुढच्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी बांबूची आई आली. मास्तरीणबाई तिला लांबून येताना बघून उठल्या आणि पाणी आणायला म्हणून मागच्या दाराने बाहेर गेल्या. माठ दुकानातच होता.

"मास्तर, या वेळी सगळी सोडा," तिने पँट टेबलावर टाकली. "चारही बोटं. हा काही थांबायचं नाव घेत नाही. मागच्या महिन्यात चौकटीला डोकं लागलं त्याचं."

मास्तरांनी पँट हातात घेतली. आत काय आहे ते त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी ती उलटी केली, उजेडाकडे धरली, मोहरीला नख लावून बघितलं. जणू कुणी मधल्या काळात तिथे कापड ठेवून गेलं असेल.

"काय झालं?"

"आडातच नाही तर..." मास्तरांनी नेहमीसारखं थट्टेवारी न्यायला सुरुवात केली, पण पुढचं तोंडातून निघालं नाही. "ताई, आत मायाच नाही."

तिला आधी कळलंच नाही. तिने पँट ओढून घेतली आणि मोहरीत बोट घातलं. ते आत कुठे जाणार? मग मास्तरांनी सगळं सांगितलं. जकात, शेठ, भावाचा शब्द, लोखंडी पट्टी. सांगताना ते पँटची घडी घालत होते आणि उलगडत होते.

"म्हणजे भाव तोच ठेवलात ते असं होय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी बाकीच्या बायकांना सांगत फिरले. म्हटलं, सगळ्यांनी वाढवले, पण आपल्या मास्तरांनी स्वतः सोसलं."

मास्तरांना वाटलं, हिने चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. लाजेने त्यांचे कान तापले. साठीला आलेल्या माणसाचे कान असे तापू नयेत.

ती स्टुलावर बसली. सकाळपासूनची उभी असणार.

"आमच्याकडेही तेच चाललंय," ती म्हणाली. "मालक म्हणतो, भाव वाढवला की गिऱ्हाईक भांडतं, पाव लहान केला की भांडत नाही. साच्यात पीठ मीच कमी टाकते. तुमच्या घरी येतो ना, तो पाव माझ्याच हातचा."

"वाईट नाही वाटलं?"

"पहिले चार दिवस वाटलं. मग सवय झाली."

मास्तर आपल्या घरात पाव लवकर संपतो म्हणून बायकोला दोनदा बोलले होते. ते त्यांनी हिला सांगितलं नाही.

"नवी शिवून देतो," ते म्हणाले. "पैसे नको."

"एकट्या माझ्या पोराला? उद्या बाकीच्या येतील. सगळ्यांना फुकट शिवलंत तर दुकानाला कुलूप लागेल, मग पुढच्या वर्षी आम्ही जायचं कुठे? त्या काचवाल्याकडे?" तिने पँटकडे बोट केलं. "खाली पट्टी जोडा."

"दिसेल."

"दिसू दे. पाय तर झाकतील."

मास्तरांनी राखाडी कापड शोधलं. जुन्या ताग्याच्या चिंध्या कधीच संपल्या होत्या आणि नव्या ताग्याचा रंग जरा निळसर निघाला होता. त्यांनी तुकडा पँटला लावून बघितला, उन्हात नेऊन बघितला, उलटा करून बघितला. रंग जुळत नव्हता. तिने दुसरीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "जोडा हो."

ती म्हणाली तशा बाकीच्याही आल्या. कुणी भांडल्या, एकीने तर मास्तरांच्या सात पिढ्यांचं माप काढलं. पट्टीचे पैसे मास्तरांनी कुणाकडूनही घेतले नाहीत. मास्तरीणबाईंनी शक्य तितक्या बारीक टाक्यांनी पट्ट्या जोडल्या. त्या वर्षी मास्तरांनी नव्या पँटीचा भाव उघड वाढवला, आत पूर्वीसारखी दोन बोटं माया ठेवली आणि विचारणाऱ्याला शिवण उलटी करून दाखवली. बऱ्याच आया भाव ऐकूनच मागे फिरल्या. जाताना त्या वाईट काही बोलत नसत. "बघून सांगते," म्हणत आणि कोपऱ्याकडे वळत.

शाळा सुरू झाली. शिपायाचा गणवेश तयार होता, तो द्यायला मास्तर सकाळी शाळेत गेले. फाटकातून आत पाऊल टाकलं तर मैदानावर पोरं रांगेत उभी होती. मास्तर नेहमी पोरांचे खांदे बघत, शिवण कशी बसलीय ते. त्या दिवशी त्यांची नजर खाली गेली. रांगेमागून रांग, घोट्यांपाशी निळसर पट्ट्या. लहान पोरांना बोटभर, मोठ्यांना चार बोटं. गल्लीतल्या पोरांचं ते जणू वेगळंच पथक होतं. काचेच्या दुकानातून कपडे घेतलेल्या पोरांच्या पँटी मात्र वरपासून खालपर्यंत एका रंगाच्या होत्या.

मास्तरांना वाटलं होतं, पट्टी एवढी दिसणार नाही. एकेक जोडताना दिसत नव्हती.

बांबू उंच म्हणून शेवटी उभा होता, फाटकाच्या अगदी जवळ. त्याने मास्तरांना बघितलं. मास्तर कुठे बघतायत तेही बघितलं. एरवी हा पोरगा लांबून "मास्तर!" म्हणून ओरडायचा. आज त्याने हळूच उजवा पाय डाव्या पायामागे नेला. पण डाव्यालाही पट्टी होतीच. मग त्याने डावा मागे नेला, पुन्हा उजवा, आणि तोल जाऊन पुढच्याच्या पाठीवर आदळला.

मास्तरांनीच मग पाठ फिरवली, म्हणजे पोराला पाय सरळ ठेवता यावेत.